वडगांवचा नगारा

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्यास दम घेते, आणि मग मळवली, कामशेत, कान्हें, वडगांव अशीं स्टेशनें मागें टाकीत इंद्रायणीच्या खोऱ्यांतून धांवूं लागते. जलद गाड्या वडगांवास थांबत नाहींत. खिडकींत बसलेल्या उतारूस भाताचीं खाचरें, दूरवर लोहगड-विसापूरचे कडे आणि रुळांलगतचीं घरें एवढेंच काय तें दिसतें. परंतु सन १७७९ च्या जानेवारींत याच पट्टींत दोन सैन्यें समोरासमोर आलीं, आणि त्यांच्याबरोबर दोन निराळ्या जातींचीं रणवाद्येंही समोरासमोर आलीं. लढाईचा निकाल शाळेंतील मुलासही ठाऊक असतो. त्या वाद्यांचें पुढें काय झालें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

विचारण्यास एक साधें कारण आहे. ज्या घरांत रेडिओ आहे, ध्वनिमुद्रिका आहेत, तेथील श्रोत्यास केव्हां तरी अशी तहान लागते कीं, एकट्या गळ्याचें किंवा एकट्या सतारीचें आर्जव आतां पुरे. असें कांहीं ऐकावें कीं ज्यानें छाती दडपून जावी आणि अंगावर कांटा उभा राहावा. शंभर वाद्यें एकदम उठावीं, आणि एकदम थांबावीं. अशा वेळीं त्याचा हात जातो तो बेथोव्हेनकडे किंवा चैकोव्हस्कीकडे. मनांत तो समजतो कीं, हें वैभव परक्यांचें. मेळाचें असें घनघोर संगीत आपल्याकडे कधीं नव्हतेंच. त्याची ही समजूत निम्मीच खरी आहे. उरलेल्या निम्म्याचा शोध वडगांवापासून सुरू करणें सोयीचें पडतें.

राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्याचें निमित्त पुढें करून मुंबईकर इंग्रजांची सुमारें चार हजारांची फौज सन १७७८ च्या नोव्हेंबरांत निघाली. सेनापति कर्नल एगर्टन आजारी, त्याच्या डोक्यावर मुलकी अधिकाऱ्यांची मंडळी, मागें हजारों बैलांचा तांडा; फौज मुंगीच्या पावलानें घाटमाथ्यावर आली. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रूच्या शौर्याची कदर करण्याचा मोठेपणा मराठ्यांच्या अंगीं होता. त्यांनीं त्याचें नांव ‘इष्टूर फांकडा’ असें करून जपलें, आणि त्याचें स्मारक वडगांवास आजही आहे. ९ तारखेस फौज तळेगांवीं पोंचली, तों गांव ओसाड आणि दाणावैरण जाळलेली. पुणें अवघें अठरा मैलांवर राहिलें होतें. परंतु नाना फडणीस, महादजी शिंदे, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनीं पुढची वाट बंद केली होती.

आतां त्या काळच्या सैन्यांचीं वाद्यें पाहावीं. इंग्रजी पलटणींत, आणि त्यांच्या हिंदी शिपायांच्या पलटणींतही, ढोलकरी असत व ‘फाइफ’ नांवाची बारीक, कर्कश बांसरी वाजविणारे असत. त्यांचें काम मनोरंजनाचें नव्हतें. कूच करा, थांबा, मागें फिरा हे हुकूम शेंकडों माणसांच्या गलबल्यांत तोंडानें पोंचत नाहींत; ते ढोलाच्या ठराविक बोलांनीं पोंचत. मिनिटास किती पावलें पडावीं हेंही ढोलच ठरवी. तें संगीत म्हणजे एक कांटेकोर घड्याळ होतें.

मराठी लष्कराचा नाद निराळ्या प्रकृतीचा. नगारा हत्तीवर किंवा उंटावर चढवून चालावयाचा. त्याच्या जोडीस कर्णे, शिंगें, झांजा, सनया. नौबत हें सरदाराच्या दर्जाचें चिन्ह होतें. ती मिळणें हा मान, ती शत्रूच्या हातीं पडणें ही मानहानि. घोडदळाला पावलें मोजून काय करावयाचें? नगाऱ्यानें तें काम केलेंच नाहीं. त्यानें दिशा सांगावी, आपल्यांस धीर द्यावा, आणि डोंगराच्या आडून शत्रूच्या कानांत भरावें. एका बाजूचा नाद शिस्तीचा होता, दुसऱ्या बाजूचा दराऱ्याचा.

आणि मग ११ जानेवारीची रात्र आली. पुढें जाण्यांत अर्थ नाहीं असें इंग्रजांच्या मंडळींनीं ठरविलें. जड तोफा तळ्यांत लोटून दिल्या, बरेंच सामान जाळलें, आणि रात्रीं अकराच्या सुमारास सारी फौज गुपचूप मागें फिरली. हेतु असा कीं, उजाडेपर्यंत मराठ्यांस पत्ता लागूं नये. थंडीचे दिवस, अंधार, चार हजार माणसें आणि जनावरें. आणि सर्वांनीं आवाज दाबून धरलेला. मध्यरात्र उलटून दोनच्या सुमारास पहिला बार झाला, आणि उजाडलें तेव्हां फौज चारी बाजूंनीं वेढलेली होती. १२ तारखेस कॅप्टन हार्टलेच्या शिपायांनीं पिछाडी शर्थीनें संभाळली. कशीबशी वडगांव गांठलेली ती फौज दुसऱ्या दिवशीं मराठ्यांच्या तोफांच्या तोंडीं सांपडली. १६ जानेवारीस वडगांवचा तह झाला. मुंबईकरांनीं तो पुढें मानला नाहीं आणि युद्ध सन १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत लांबलें, ही कथा सर्वश्रुत आहे. संगीताच्या दृष्टीनें त्या दोन दिवसांतील सर्वांत नाट्यमय क्षण तोफांचा नव्हे; तो अकरा आणि दोन यांमधील तीन तासांच्या मौनाचा आहे. त्या मौनाकडे पुढें पुन्हां यावें लागेल.

महादजी शिंद्यांस मात्र शत्रूच्या त्या घड्याळाची किंमत बरोबर कळली. सन १७८४ मध्यें त्यांनीं दि बॉयनला चाकरीस ठेवून कवायती पलटणी उभ्या करण्यास आरंभ केला. कवायत आली म्हणजे ढोल आलाच. वडगांवास ज्या दोन नादांनीं एकमेकांस तोंड दिलें, ते थोड्याच वर्षांत शिंद्यांच्या एकाच छावणींत नांदूं लागले.

आतां नगाऱ्याची वंशावळ. नगारा हा शब्द अरबी ‘नक्कारा’ वरून आला. मोगल दरबारांत त्याचा केवढा बडेजाव होता हें अबुल फजलनें ‘ऐन-इ-अकबरीं’त लिहून ठेवलें आहे: मोठ्या दमाम्यांच्या अठरा जोड्या, नगाऱ्यांच्या सुमारें वीस जोड्या, चार ढोल, निदान चार कर्णे, नऊ सनया, शिवाय शिंगें आणि झांजांच्या तीन जोड्या. स्वतः अकबर नगारा उत्तम वाजवी असेंही तो सांगतो. हा एक पुरता वाद्यवृंदच होय, आणि त्याला प्रहराप्रहराचें वेळापत्रक होतें. हाच थाट दक्षिणेंतील दरबारांत रुजला. रायगडावर सिंहासनाच्या जागेसमोर नगारखान्याची भव्य इमारत अजून उभी आहे. सिंहासनाजवळ हळू बोललेलें तेथवर ऐकूं येतें असें गडावर जाणारे सांगतात. शनिवारवाड्यास सन १८२८ मध्यें आग लागून महाल भस्म झाले, परंतु दिल्ली दरवाजावरील नगारखाना वांचला.

हाच नक्कारा पश्चिमेसही गेला. धर्मयुद्धांच्या काळीं लहान नगाऱ्यांची जोडी युरोपांत पोंचली, आणि तिचें नांवही बरोबर गेलें. जुन्या इंग्रजींत त्यांस ‘नेकर्स’ म्हणत. घोड्यावर बांधावयाचे मोठे नगारे मागाहून आले. सन १४५७ मध्यें हंगेरीच्या राजाची वकिलात फ्रान्सांत गेली, तेव्हां घोड्यांवरील तीं भलीं मोठीं वाद्यें पाहून तेथील लोक थक्क झाले. सन १६८३ मध्यें तुर्कांनीं व्हिएन्नास वेढा दिला, त्या वेळीं त्यांच्या लष्करी बाजाचा गडगडाट शहराच्या तटाआड ऐकूं येत होता. त्या वर्षीं रायगडावर संभाजी महाराजांचें राज्य होतें. तुर्क हटले, पण त्यांचा बाजा युरोपच्या कानांत राहिला. अठराव्या शतकांत तेथील राजेरजवाडे हौसेनें तुर्की थाटाचीं पथकें ठेवूं लागले, आणि मोठा ढोल, झांज, त्रिकोणी लोखंडी घंटा हीं वाद्यें हळूहळू नाट्यगृहांत शिरलीं.

नगाऱ्याची जोडी त्याआधींच तेथें जाऊन बसली होती. ती बसतांना एक लहानसा, पण फार मोठ्या परिणामाचा फेरफार झाला. जोडीपैकीं एक नगारा षड्जांत आणि दुसरा त्याच्या पंचमांत लावण्याचा प्रघात पडला. नुसता दणका देणारें वाद्य स्वराचें वाद्य झालें. इतर वाद्यें ज्या स्वरांत बोलत त्याच स्वरांत तें बोलूं लागलें. युरोपच्या वाद्यवृंदांत मागच्या रांगेंत तांब्याच्या कढयांवर कातडें ताणलेलीं जीं वाद्यें दिसतात, तीं हींच. त्यांस टिम्पनी म्हणतात. वडगांवच्या नगाऱ्याचीं तीं सख्खीं चुलत भावंडें होत.

तारखा शेजारीं शेजारीं मांडून पाहिल्या म्हणजे मौज वाटते. वडगांवच्या लढाईनंतर साडेतीन वर्षांनीं, १६ जुलै १७८२ रोजीं, मोझार्टचा तुर्की जनानखान्यांतून नायिकेची सुटका रंगविणारा संगीत-नाट्यप्रयोग व्हिएन्नांत झाला. त्याच्या आरंभींच मोठा ढोल आणि झांज कडाडतात. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडीस वारले. त्याच वर्षीं ३१ मार्च रोजीं लंडनमध्यें हायडनची शंभरावी सिंफनी प्रथम वाजली. तिला ‘मिलिटरी’ असें नांव पडलें. तिचा दुसरा भाग एखाद्या साध्या, गोड चालीसारखा सुरू होतो. श्रोता सैलावून बसतो. मग अचानक एकट्या तुतारीची लष्करी ललकारी होते, नगारा घुमूं लागतो, आणि सगळा मेळ एका स्फोटानें कोसळतो. नव्या श्रोत्यानें या संगीतांत प्रवेश करावयाचा असल्यास याहून चांगला दरवाजा नाहीं. वीस-पंचवीस मिनिटांचें काम, आणि त्यांतलें नाट्य समजण्यास कसल्याही पूर्वतयारीची जरूर लागत नाहीं.

यापुढची तारीख मराठी माणसाच्या अधिकच जवळची आहे. महादजींचे वारस दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशीं जनरल वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईस लढला. आपल्या आयुष्यांतील उत्तम लढाई असईचीच, असें तो म्हातारपणीं म्हणत असे असें सांगतात. हाच पुढें वेलिंग्टन झाला. त्यानें २१ जून १८१३ रोजीं स्पेनमध्यें व्हिटोरिया येथें फ्रेंचांचा पराभव केला, तेव्हां त्या विजयावर बेथोव्हेननें एक रणसंगीत रचलें. ८ डिसेंबर १८१३ रोजीं व्हिएन्नांत तें वाजलें. दोन बाजूंनीं दोन सैन्यांचे ढोल आणि तुताऱ्या जवळ येतात; दोघांचीं दोन निशाणगीतें वाजतात; मग लांकडी खुळखुळ्यांच्या कडकडाटानें बंदुकी आणि प्रचंड ढोलांनीं तोफा दाखविल्या आहेत. तोफांचा भार संभाळण्यास सालियेरीसारखा नामांकित संगीतकार उभा होता. प्रेक्षक वेडे झाले. वडगांवच्या मैदानांत खरोखर जें घडलें असेल त्याचें चित्र आज कोणास कानांनीं पाहावयाचें असेल, तर त्यानें ही रचना एकदां ऐकावी.

पण एकदांच. कारण बेथोव्हेनच्या हातची असली तरी ती रचना फिकी आहे. तोफांचा हिशेब आहे, भीति नाहीं. त्याच रात्रीं, त्याच दालनांत, बेथोव्हेनची सातवी सिंफनी प्रथम वाजली, आणि तिच्यांत एकही तोफ नसतां ती आज दोनशें वर्षें ऐकणाराचा श्वास रोखून धरते. ज्याला घनघोर संगीत हवें आहे त्यानें या दोन रचनांतील फरक नीट कानांत सांठवावा. गोंगाट वाढविला म्हणजे नाट्य वाढतें असें नाहीं. ‘नगाऱ्यापुढें टिमकी’ असें म्हणून आपण मोठ्या आवाजापुढें लहानाची थट्टा करतों; संगीतांत कधीं कधीं टिमकीच नगाऱ्यास भारी पडते.

याचा पुरावा बेथोव्हेनच्याच पांचव्या सिंफनींत आहे. ती २२ डिसेंबर १८०८ रोजीं प्रथम वाजली. तिचे पहिले चार स्वर जगप्रसिद्ध आहेत. मोर्स लिपींतील ‘व्ही’ या अक्षराशीं ते जुळतात, म्हणून सन १९४१ पासून लंडनचा रेडिओ जर्मनव्याप्त युरोपसाठीं तोच ताल एका ढोलावर वाजवून दाखवीत असे. परंतु त्या सिंफनीचा खरा थरार तिसऱ्या भागाच्या शेवटीं आहे. तंतुवाद्यें एकच स्वर लांबवून धरून ठेवतात, आणि त्यांच्याखालीं नगारा अगदीं हळू, बोटाच्या टोकानें दार ठोठावावें तसा, वाजत राहतो. काय होणार तें कळत नाहीं, पण कांहीं तरी होणार हें निश्चित असतें. अंधारांत चार हजार माणसें आवाज दाबून चालत आहेत, असें तें संगीत आहे. मग एका क्षणांत सगळीं पितळी वाद्यें उजाडल्यासारखीं उघडतात. वडगांवच्या रात्रीचें खरें संगीत व्हिटोरियाच्या तोफांत नाहीं. तें येथें आहे.

मोठ्या संख्येची हौस मात्र युरोपासही सुटली नाहीं. फ्रेंच संगीतकार बर्लिओझ यानें सन १८३७ मध्यें पॅरिसच्या एका भव्य प्रार्थनामंदिरांत मृतांच्या शांतीसाठीं प्रार्थना-संगीत वाजविलें. त्यांत त्यानें दहा वादकांकडून सोळा नगारे वाजविले आणि मंदिराच्या चार कोंपऱ्यांत चार पितळी पथकें उभीं केलीं. अंतिम न्यायाची तुतारी चारी दिशांनीं उठते तो प्रसंग अंगावर येतो. तरीही आकड्यांपुरतें बोलावयाचें तर अकबराच्या नगारखान्यापुढें बर्लिओझ गरीबच ठरतो.

मग युरोपांत त्याच नगाऱ्याचें असें स्मरणीय संगीत झालें, आणि आपल्याकडे वडगांवच्या विजयाचें एकही वाद्यसंगीत उरलें नाहीं, तें कां? मराठ्यांनीं लढाया विसरल्या असें नाहीं. शाहीर होते, पोवाडे होते, बखरी होत्या. पराक्रमाची आठवण मराठी माणसानें शब्दांत ठेवली आणि डफ-तुणतुण्यावर गाइली. वाद्यांच्या मेळाकडे त्यानें आठवणीचें काम सोंपविलेंच नाहीं. त्याकडे मानाचें काम होतें. नौबत ही ऐकण्याची वस्तु नव्हती, ती मालकी दाखविण्याची वस्तु होती. खालीं दरवाजांतून येणारा-जाणारा तिच्याखालून वांकून जाई. खुर्ची टाकून, तिकीट काढून तिच्यापुढें बसणारा श्रोता तिला कधीं मिळालाच नाहीं. आणि दुसरें, अधिक नडलेलें कारण म्हणजे कागद. हायडनच्या वादकांस काय वाजवावयाचें तें कागदावर लिहून मिळे. तो कागद उरला आणि म्हणून १७९४ चा तो स्फोट आजही हुबेहूब होतो. आपल्या नगारखान्याचे बोल बापाच्या हातांतून मुलाच्या हातांत जात. हात होते तोंवर ते जिवंत होते. सन १७१९ मध्यें मराठी फौज दिल्लींत शिरली तेव्हां काय वाजलें, सन १७७९ मध्यें वडगांवास काय वाजलें, त्याचा एक बोलही आज कोणास वाजवून दाखवितां येणार नाहीं. पत्रें उरलीं, हिशेब उरले, दाणावैरणीच्या याद्या उरल्या, नाद गेला.

सन १८१८ नंतर तर त्या हातांसही काम राहिलें नाहीं. सरदार गेले, त्यांच्याबरोबर नौबती गेल्या. गुरव आणि घडशी घराण्यांनीं सनई-चौघडा देवळांच्या आश्रयानें जगविला, आणि संस्थानांतील नगारखाने कांहीं काळ चालू राहिले. पण रणांतला दरारा त्यांतून ओसरला आणि मंगलकार्याचा गोडवा तेवढा उरला. पहांटेच्या चौघड्यांत अजूनही एखादा बोल असा येतो कीं, हा मुळांत लग्नासाठीं जन्मला नाहीं हें ध्यानांत यावें.

दोन मराठी दरबारांनीं मात्र कागदाचें महत्त्व ओळखलें होतें, आणि दोन्ही महाराष्ट्राबाहेरचे. तंजावरचे सरफोजी राजे (दुसरे) यांनीं १७९८ ते १८३२ या आपल्या कारकीर्दींत पाश्चात्त्य वाद्यांचा बाजा ठेवला, आणि त्याचीं स्वरलेखनें सरस्वती महाल ग्रंथालयांत जपलीं गेलीं. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें मौलाबक्षांनीं सन १८८६ मध्यें गायनशाळा काढली आणि हिंदी संगीतासाठीं स्वरलेखनाची पद्धति चालविली. हीं बीजें चांगलीं होतीं; मात्र त्यांतून नगाऱ्यास मध्यभागीं बसविणारा मराठी मेळ उगवला नाहीं.

उगवलें तें मुंबईंत, आणि निराळ्याच वाटेनें. सन १९३५ मध्यें मेहली मेहता यांनीं बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्याच सुमारास युरोपांतून आलेले वॉल्टर कॉफमन मुंबईच्या रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. आकाशवाणीच्या सकाळच्या सुरुवातीच्या धुनेचें श्रेय सामान्यतः त्यांसच देतात. परंतु मेळांत बसून कागदावरून वाजविणारे हात आले ते मुख्यतः गोव्याचे. गोव्याच्या चर्चशाळांत शेंकडों वर्षें मुलांस स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. तींच मुलें पुढें मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसलीं. मराठी घरांतील श्रोत्यानें खवळलेल्या समुद्राचें किंवा पाठलागाचें जें घनघोर संगीत चित्रपटगृहाच्या अंधारांत प्रथम ऐकलें, तें बहुधा या गोवेकरांच्या हातचें होतें. पाटीवर त्यांचीं नांवें मात्र क्वचित् येत. त्यांपैकीं माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं सन १९५८ मध्यें हिंदी राग आणि पाश्चात्त्य मेळ यांची सांगड घालणारा स्वतःचा वाद्यवृंद उभारला, आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांस त्यांत गावयास लावलें. आकाशवाणीनें दिल्लींत हिंदी वाद्यांचा ‘वाद्यवृंद’ सन १९५२ मध्यें सुरू केला होता. पंडित रविशंकर त्याचे आरंभींचे संचालक. पुढें सन २००६ मध्यें मुंबईच्या एन. सी. पी. ए. या संस्थेंत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, आणि टिम्पनीचा घुमारा प्रत्यक्ष समोर बसून ऐकण्याची सोय झाली.

ती सोय क्षुल्लक समजूं नये. घरच्या यंत्रानें नगाऱ्यावर नेहमींच अन्याय केला आहे. बर्लिनच्या वाद्यवृंदानें सन १९१३ मध्यें पांचवी सिंफनी तबकड्यांवर उतरविली, तेव्हां ध्वनिमुद्रण भोंग्यांतून होत असे. नगाऱ्याचा धक्का त्या सुईस सोसत नसे, आणि अशीं वाद्यें त्या काळीं बहुधा दूर बसवीत किंवा वगळीतच. सन १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्यानें मुद्रण सुरू झाल्यावर परिस्थिति सुधारली. तरीही लहान यंत्रावर पांचव्या सिंफनीचा तो हळू ठोका पुष्कळदां ऐकूंच येत नाहीं, आणि श्रोत्यास वाटतें कीं, येथें कांहींच वाजत नाहीं. खोलींतला पंखा बंद करावा, यंत्र खिडकीपासून दूर ठेवावें, आणि आवाज स्फोटाच्या मापानें न ठेवतां ठोक्याच्या मापानें ठेवावा. स्फोट आपली काळजी आपण घेतो.

वडगांवच्या परिसरांत मोकळ्या मैदानाचा मेळ अजून संपलेला नाहीं. मावळ आणि मुळशी या तालुक्यांतील गांवोगांवच्या ढोल-लेझीमच्या पथकांची पुण्याच्या गणेशोत्सवांत मोठी ख्याति आहे. उत्सव असो वा पालखी, ढोल, ताशा आणि झांज यांवांचून तिकडे पान हालत नाहीं. त्यांतला ताशा बारकाईनें पाहण्यासारखा आहे. उथळ वाटीवर ताणलेलें कातडें, दोन बारीक काड्या: अंगानें लहान, पण जातीनें नगाराच. साऱ्या पथकाचा ताल तोच बांधून देतो. ढोल कितीही मोठे असोत, ते ताशाकडे कान लावून असतात. मावळ्यांचीं लष्करें गेलीं, नौबतीचे मान गेले, पण मोकळ्यावर वाजविण्याची आणि दुसऱ्या डोंगरापर्यंत ऐकूं जाण्याची हौस या खोऱ्यांत टिकली आहे. शब्द मात्र जागा बदलतात. खेड्यांत आज ‘कर्णा’ म्हटलें कीं, कोणी पितळी तुतारीकडे पाहत नाहीं. देवळाच्या शिखराजवळ बांधलेल्या ध्वनिक्षेपकाकडे पाहतात.

ताशांस आतां पुष्कळ ठिकाणीं प्लॅस्टिकचें आच्छादन आलें आहे. तें पावसांतही उतरत नाहीं. कातडी ताशा मात्र हवेंत गारवा आला कीं, सैल पडतो. मग मिरवणूक निघण्यापूर्वीं वाजविणारा रस्त्याच्या कडेला बसतो, कागदाचे चार बोळे पेटवितो, आणि ताशाचें तोंड त्या जाळावर धरून फिरवितो. मधूनच काडीनें एक टिपरूं मारून कान देतो. आवाज चढला नाहीं तर आणखी एक बोळा टाकतो.